डिक्कीबाजारातल्या पटाश्या

इंग्लंडातल्या ड्रिफिल्ड गावाबाहेर, गव्हाच्या शेतांना लागून असलेल्या माळावर दर रविवारी पहाटे गाड्या रांगेनं उभ्या राहतात, डिक्क्या उघडतात आणि घराघरातली अडगळ बाहेर पडते. एनिड हॉर्सफॉल तिथं उजाडायच्या आत हजर असायची. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सुटल्यावर ती लेथवर लाकूड कातायला शिकली होती, आणि नवी हत्यारं काही तिच्या आवाक्यातली नव्हती. कुणाच्या तरी बापाची जुनी, गंजलेली हत्यारं ती हुडकून काढायची. भाव पाडण्यात तिचा हात धरणारं त्या माळावर कुणी नव्हतं.

त्या रविवारी एका निळ्या गाडीपुढं तिचे पाय थबकले. ताडपत्रीवर कातकामाच्या पटाश्यांचा सबंध संच मांडला होता. गोल तोंडाच्या, तिरक्या, चपट्या. मुठी घामानं काळ्याभोर झालेल्या, पण पात्यांवर गंजाचा ठिपका नाही.

"केवढ्याला दिल्या?" चेहऱ्यावर काही न दाखवता तिनं विचारलं.

"वीस पौंड. सगळ्या," गाडीजवळची बाई म्हणाली. तिचं नाव मॅव्हिस.

त्यातल्या एकीचीच किंमत त्याहून जास्त होती. तरी सवयीनं एनिडच्या तोंडून निघून गेलं, "पंधरा?"

"न्या. पण आत्ताच्या आत्ता न्या."

एवढ्यात गाडीचं दार उघडलं. एक उंच म्हातारा, तिचा नवरा, दाराला धरून उभा राहिला. त्याचा उजवा हात सारखा थरथरत होता.

"मॅव्हिस, त्या विकायच्या नाहीत."

"सेड्रिक, गाडीत बस बघू."

"माझ्या आहेत त्या!"

"तुझ्याच आहेत. आणि गेल्या आठवड्यात तुझ्या कातकामाच्या शेडमधलं रक्तही तुझंच पुसलं मी. तू पडून मोकळा होतोस. उचलायचं मी."

हातात नोटा घेऊन एनिड ओशाळी उभी राहिली. "राहू द्या हो. मला नकोत."

"मग दुसरा कुणी रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटायला नेईल," मॅव्हिस फटकन म्हणाली. "ते बरं का?"

सेड्रिकनं एनिडला खालीवर न्याहाळलं. "काय बनवता?"

"खुर्च्यांचे पाय. बरे जमतात."

"धार कशावर लावता?"

"यंत्राच्या चाकावर."

सेड्रिकनं डोळे मिटले. "देवा रे! पोलाद जळतं त्यानं! घेऊन जा, बाई. घेऊन जा आता."

"घरी या ना माझ्या. तुम्ही सांगा, मी कातते."

"कीव नको मला कुणाची," म्हणत तो पुन्हा गाडीत बसला.

एनिडनं वीसच्या वीस पौंड आणि फोन नंबर मॅव्हिसच्या हातात ठेवला. घरी आल्यावर तिनं पटाश्या भिंतीवर टांगल्या, पण त्यांना हात लावायचं धाडस काही होईना.

उन्हाळा सरता सरता, कुंपणावरच्या ब्लॅकबेरी पिकायला लागल्या तेव्हा मॅव्हिसचा फोन आला. "सेड्रिक रोज विचारतो. त्या बाईनं चाकावर घासून वाटोळं केलं असेल का म्हणून."

"अहो, मी वापरल्याच नाहीत."

"हे त्याला सांगू नका. आणखी भडकेल."

त्या गुरुवारी दोघं एनिडच्या शेडमध्ये आली, मग दर गुरुवारी येऊ लागली. सेड्रिक स्टुलावर बसून एनिडला तेल लावलेल्या दगडावर धार लावायला शिकवायचा. "कांदा चिरताय की लाकूड कातताय?" असं खेकसायचा. मॅव्हिस दाराशी चहा घेत बसायची.

हिवाळ्यात एकदा त्यानं पटाशीसाठी हात पुढं केला. मॅव्हिसचा कप ओठांशीच थांबला. एनिडनं पटाशी त्याच्या हातात दिली आणि त्याच्या हातावर वरून आपला हात धरला. फिरत्या लाकडावर वेड्यावाकड्या खाचा उमटत गेल्या. सेड्रिकनं लेथ थांबवायला लावलं. खाचांवरून अंगठा फिरवला.

"हे माझं काम नाही," म्हणाला, आणि तिथंच रडायला लागला. मॅव्हिसनं उठून त्याचं डोकं पोटाशी धरलं.

त्यानंतर त्यानं पटाशी मागितली नाही. यायला मात्र चुकला नाही.

वसंतात त्याला एनिडच्या शेडची पायरी चढवेना. एनिडनं दाराबाहेर उन्हात खुर्ची टाकली. पायांवर घोंगडी घेऊन तो बसून राहायचा. आतलं काही दिसायचं नाही, तरी मध्येच ओरडायचा, "एनिड, दाबतेयस! आवाज ऐक की जरा!" ती हात सैल सोडायची, आणि लाकडाचा छिलका लांब, सलग निघायचा.

जूनमध्ये तो घरीच वारला.

अंत्यविधीनंतरच्या गुरुवारी मॅव्हिस एकटीच आली आणि त्या खुर्चीत बसली. "चालू कर गं," ती म्हणाली. "घरात फार शांत आहे."

एनिडनं लेथ सुरू केला. तिचा हात सारखा चुकत होता, पातं दाबलं जात होतं, पण बाहेरून कुणी ओरडलं नाही.