क्लोव्हिसची एक मिनिट शांतता

मित्रांनो, उचलून बघा मला. सात किलो भरतो! आजच्या तुमच्या खिशातल्या यंत्रांना हसू येईल, पण एके काळी मला खांद्याला अडकवल्याशिवाय फ्रान्समधला कुठलाही रेडिओ-बातमीदार घराबाहेर पडत नसे. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आता म्हातारा झालो, थोडा तुसडाही झालो आहे, तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. पॅरिसच्या रेडिओ केंद्रात आलो आणि लिसेत फाये हिच्या वाट्याला गेलो. लिसेत तेव्हा सव्वीस वर्षांची होती. माझ्या चामडी पट्ट्याचा वळ तिच्या डाव्या खांद्यावर कायमचा उठला. आम्ही संप पाहिले, पूर पाहिले, मंत्र्यांच्या थापा भरून घेतल्या. लोक तिचं कौतुक करत आणि मी उगाच फुशारून जाई.

आमच्या कामाची एक रीत होती. मुलाखत संपली की कुणी लगेच उठायचं नाही. सगळ्यांनी गप्प बसायचं आणि त्या जागेची एक मिनिट शांतता माझ्यात भरून घ्यायची. पुढे फीत कापून जोडताना सांधे बुजवायला ती लागे. कापायला साधं दाढीचं पातं वापरत. लिसेत कापलेले तुकडे गळ्यात माळेसारखे लटकवायची आणि काम झालं की टोपलीत टाकून द्यायची. तिचा हात फार सफाईदार होता. तेच नडलं.

एका हिवाळ्यात तिने वडिलांवर कार्यक्रम करायचं ठरवलं. तिचे वडील क्लोव्हिस तिएरचे. त्या गावात घरोघर सुऱ्या घडवतात. नदीकाठच्या कारखान्यात क्लोव्हिस फळीवर पालथे पडून चाळीस वर्षं पात्यांना धार लावत होते. खालून थंडगार पाणी वाहायचं, म्हणून ऊब यावी यासाठी पायांवर कुत्रा झोपवलेला असायचा. त्याचं नाव पातू.

क्लोव्हिस फार सावकाश बोलत. लिसेतने विचारलं, "पापा, थंडी वाजत नाही?" त्यांनी हातातलं पातं पुसलं, उजेडात धरून बघितलं, पुन्हा पुसलं. माझी फीत फिरत राहिली. मग ते म्हणाले, "वाजते की." पुन्हा थांबले. "तुझी आई होती तेव्हा कमी वाजायची." मित्रांनो, त्या दोन वाक्यांच्या मधे जे होतं ते मला ऐकू आलं होतं. पण यंत्राला कोण विचारतो?

शेवटी आम्ही रिवाजाप्रमाणे शांतता भरून घेतली, वेगळ्या रिळावर. मग घाईघाईने गाडी गाठली.

पॅरिसला संपादक म्हणाले, "तीन मिनिटं देतो. आणि हे बघ पोरी, रेडिओवर माणूस गप्प झाला की लोकांना वाटतं रेडिओ बिघडला. ते थांबणं-बिंबणं सगळं काढ."

लिसेतने काढलं. बापाचा एकेक थांबा पात्याने कापून गळ्यात लटकवला. शांततेचे चार-दोन सेकंद सांध्यांना वापरले. कार्यक्रम फार गाजला. तिला बक्षीस मिळालं आणि क्लोव्हिसचे थांबे टोपलीत गेले.

पुढच्या वेळी आम्ही तिएरला गेलो तेव्हा क्लोव्हिस गावातल्या कॅफेत बसले होते. शेजारचा एकजण आम्हाला बघून ओरडला, "काय क्लोव्हिस, पॅरिसहून जिभेला धार लावून आणलीस वाटतं! रेडिओवर वकिलासारखा बोलत होतास!"

सगळे हसले. क्लोव्हिस हसले नाहीत. घराच्या वाटेवर म्हणाले, "तो मी नव्हतो, लिसेत. माझ्या आवाजात दुसराच कुणीतरी घाईने बोलत होता. तुझ्या आईचं सांगताना मी असा भरभर बोलेन का?"

लिसेतची मान खाली गेली. "चुकलं, पापा. पुन्हा घेऊ. काहीही कापणार नाही."

"ये मग. मी कुठे जातोय?"

ते पुन्हा घेणं कधीच झालं नाही. तिला टेलिव्हिजनवर बोलावणं आलं. रात्री आठच्या बातम्यांत सगळा देश तिचा चेहरा बघू लागला आणि मी तिच्या घरच्या कपाटात गेलो. दर उन्हाळ्यात ती कपाट उघडे, मला हात लावी, म्हणे, "या सुट्टीत नक्की." मग फोन वाजायचा. कुठेतरी निवडणूक असायची, कुठेतरी युद्ध. मला राग यायचा, पण कपाटात रागावून कुणाला कळणार? आठव्या वर्षी फोन आला तो क्लोव्हिस गेल्याचा. त्या दिवशी तिने कपाट उघडलंच नाही.

निवृत्त होऊन ती तिएरच्या घरी राहायला आली तेव्हा तिने मला बाहेर काढलं. पोटातले सेल गळून माझी हाडं गंजली होती. जवळच्या क्लेरमाँ शहरातल्या एका कारागिराने मला महिनाभर खपून उभं केलं. माझ्या पिशवीच्या कप्प्यात त्याला तेव्हाचं एक रीळ सापडलं. ते थोडंसं लावून बघत तो म्हणाला, "मॅडम, यात काही नाही हो. नुसती खरखर आहे. पुसून टाकू?"

"हात लावू नका!" लिसेत एवढ्या जोरात म्हणाली की तो दचकलाच.

घरी आणून तिने मला टेबलावर ठेवलं आणि कळ दाबली. पाणी वाहत होतं. पातू झोपेत सुस्कारला. क्लोव्हिसचा श्वास चालू होता, जड आणि सावकाश. मिनिट संपलं आणि ते म्हणाले, "झालं का तुझं? शेगडीवर सूप आहे. जेवून जा."

त्यावर तिचा तरुण आवाज आला, "नको पापा, गाडी चुकेल. पुढच्या वेळी." आणि खट्.

मग तिने खणातून जुनं पातं काढलं. मला कळलं, तिला आपला आवाज कापायचा होता. 'जेवून जा' पाशी फीत संपली असती तर किती बरं झालं असतं! तिने जागा शोधली, पातं फितीवर टेकवलं.

तिने पातं उचललं आणि परत खणात टाकलं. "नको," ती म्हणाली. "मी म्हणाले होते ना तसं? मग ते राहू दे."

आता रोज दुपारी ती सूप करते, समोर मला ठेवते आणि ते मिनिट शेवटपर्यंत ऐकते. सूप गार होतं.

मित्रांनो, जुनी यंत्रं ठेवून देताना त्यांचे सेल काढून ठेवत जा, नाहीतर आम्ही आतून सडतो. आणि घरातलं कुणी बोलता बोलता थांबलं तर त्यांना थांबू द्या, घाई करू नका. कुणी जेवून जा म्हणालं तर बसा. गाड्या पुष्कळ असतात.