कोप्रा गल्ली रिकामी हवी आहे

सिनेमाच्या धंद्यात नफलाला एकच काम मनापासून आवडायचं, आणि ते म्हणजे कॅमेरा सुरू होण्याआधीचं. कोण कुठे उभं राहणार, ऊन कोणत्या बाजूने येणार, नटाच्या पायात चप्पल कुठली, ढग आले तर काय, हे सगळं आधी कागदावर भांडून घ्यायचं. प्रत्यक्ष शूटिंगच्या दिवशी तिला जरा कंटाळाच यायचा. ‘लग्न ठरवण्यात मजा, लग्नात काय, नुसती जेवणावळ,’ असं ती म्हणायची. स्वतःचं लग्न मात्र ती कोणाला ठरवू देत नव्हती, आणि त्यावर तिच्या उम्माकडे, म्हणजे आईकडे, बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

या खेपेला ती पहिल्यांदाच चीफ असोसिएट झाली होती, म्हणजे दिग्दर्शकाच्या खालोखालची. कितीतरी सिनेमे दुसऱ्यांच्या पुढ्यात चहा ठेवत काढल्यावर ही खुर्ची मिळाली होती, त्यामुळे तिची ऐट विचारू नका. दिग्दर्शक प्रशोभ हा बोलायला कंजूष आणि हट्टाला उदार. त्याच्या सिनेमाचा शेवट असा होता, की आखातात जन्म घालवलेला एक म्हातारा कोळिकोडला परत येतो आणि आपल्या जुन्या गल्लीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो. मावळतीचं ऊन, दारं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ओळखीचं कोणी उरलेलंच नाही. मधे कुठेही कट नाही.

“गल्ली मी देते,” पहिल्याच बैठकीत नफला बोलून गेली. “माझ्या उम्माची गल्ली आहे.”

गल्ली होती खरी, पण रिकामी कधीच नव्हती. कोप्रा गल्ली म्हणजे समुद्राकडे उतरत जाणारा लांबलचक बाजार. खोबऱ्याची पोती, हातगाड्या, हमाल, दलाल, आणि भाव पडला की एकमेकांच्या सात पिढ्या काढणारे व्यापारी. मांजराला रस्ता ओलांडायचा झाला तर तेही हमालाची परवानगी घेऊनच ओलांडत असावं.

प्रॉडक्शन कंट्रोलर तंगच्चन कोट्टयमचा. पैशाची पिशवी त्याच्या काखेत आणि टोमणा जिभेच्या टोकावर. गल्ली बघून तो नफलाला, लेकीला हाक मारावी तसा, म्हणाला, “मोळे, ही गल्ली रिकामी करायची तर शेजारच्या गल्लीत फुकट बिर्याणी वाटावी लागेल. त्यापेक्षा म्हाताऱ्याला स्टेशनवरच बसवून टाकू. बाकावर बसतो, उसासा टाकतो, सिनेमा संपला.”

“चेट्टा,” नफलाने थोरल्या भावाला म्हणावं तसं सुनावलं, “तुमचा उसासा वेगळा, माझा शॉट वेगळा.”

“माझा उसासा स्वस्तात पडतो.”

प्रशोभने दोघांचं ऐकून घेतलं आणि नफलाला बाजूला नेलं. “शेवटच्या बैठकीपर्यंत गल्ली दाखव. नाही तर प्रसंग काढतो. आणि मग शूटिंगला चीफ म्हणून माझ्या जुन्या असोसिएटला, विनीतला, बोलवावं लागेल. तू त्याच्या हाताखाली राहा. वाईट वाटून घेऊ नकोस.”

तिने भरपूर वाईट वाटून घेतलं, आणि कामाला लागली.

पहाटे जाऊन पाहिलं, तर हमाल तिच्याही आधी हजर. रविवारी पाहिलं, तर रविवारचा वेगळाच बाजार भरलेला. व्यापारी संघाचे सेक्रेटरी आलीकोयाइक्का यांना ‘एक संध्याकाळ बाजार बंद ठेवाल का’ असं विचारलं, तेव्हा त्यांनी तिला बसवून सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, पाजला आणि मग इतके मनापासून हसले की त्यांना ठसका लागला. “तुझे उप्पा गेले त्या दिवशी आम्ही बाजार अर्धा तास बंद ठेवला होता, पोरी. आणि ते इथले सगळ्यात जुने दलाल होते. आता तूच हिशेब कर.”

तेव्हा तिला हरताळाची कल्पना सुचली.

केरळात पाऊस एक वेळ दगा देईल, हरताळ देणार नाही. कोणी ना कोणी, कशासाठी तरी, महिन्याभरात बंद पुकारणारच. त्या दिवशी रस्ते ओस आणि शटरं खाली, तीही फुकटात. अडचण एवढीच, की त्या दिवशी गाड्याही बंद. नफलाने बिनगाडीचं शूटिंग आखलं. सगळ्या युनिटला गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या लॉजमध्ये उतरवायचं, कॅमेरा हातगाडीवर, जेवण उम्माच्या स्वयंपाकघरातून. हरताळ जाहीर झाला की कोणी कोणाला उठवायचं हेसुद्धा ठरलेलं. प्रशोभने तो आराखडा दोनदा वाचला आणि “बरं आहे” म्हणाला, म्हणजे त्याच्या मापाने त्याने पोवाडाच गायला.

हरताळ झाला. कडकडीत झाला. फक्त पुकारला होता सगळ्या कामगार संघटनांनी मिळून, आणि त्यात सिनेमावाल्यांचीही होती. सकाळी लॉजमध्ये नफला दारं ठोठावत फिरली, तर लाइटवाली पोरं झेंड्यांना काठ्या बसवत होती. संध्याकाळी कोप्रा गल्लीतून मोर्चा निघाला. पुढे घोषणा देत होता म्हाताऱ्याचं काम करणारा नट बालगोपालन, आणि मागे तंगच्चन, एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात शहाळं.

“ये, मोळे, तूही ये,” तो म्हणाला. “रस्ता रिकामा आहे, आपणच तेवढे आहोत.”

हे नंतर युनिटमध्ये इतक्या वेळा सांगितलं गेलं, की नफलाही हसायला शिकली. पण त्या संध्याकाळी तिला हसू आलं नव्हतं. सगळ्या गावाचा विचार तिने केला होता, आपल्या माणसांना मात्र ‘तुम्ही त्या दिवशी कुठे असाल’ एवढं विचारायचं राहून गेलं होतं. स्वतःचा असा राग तिला क्वचितच आला असेल.

मग रमजान लागला, आणि शेवटची बैठक दुसऱ्या दिवसावर आली. नफला आलीकोयाइक्कांना सांगायला गेली, की शूटिंग होणार नाही, तुम्हाला उगाच त्रास दिला. तोंड कोरडं, डोकं भणभणलेलं. सकाळपासून पोटात काही नाही आणि मनात नको तेवढं. आलीकोयाइक्का घाईघाईने कुलूप लावत होते.

“उद्या बोल, पोरी. बांग व्हायला आली. घरी जा, उम्मा वाट बघत असेल.” तिच्या हातावर एक खजूर ठेवून ते झपाझप निघालेसुद्धा.

उम्माचं घर गल्लीच्या समुद्राकडच्या टोकाला होतं. बांगेच्या आत सगळ्यांनी घरात, पानावर, हा तिथला न मोडणारा नियम. उम्मा सगळ्यांसाठी लिंबाच्या सरबताचे पेले भरायची, आणि एक पेला जास्तीचा. रस्त्यावर कोणी अडकलेला असेल त्याच्यासाठी. लहानपणी नफला चिडवायची, “उम्मा, या वेळी रस्त्यावर असतं कोण? दर वर्षी तो पेला शेवटी मीच पिते.” उम्मा म्हणायची, “असला कोणी तर?”

आज नफलाच्याने चालवेना. ती एका गोदामाच्या पायरीवर बसली. एकेक शटर खाली येत होतं. शेवटचा हमाल गाडी भिंतीला टेकवून गेला. गुजराती शेठांना रोजे नव्हते, पण गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर तेही केव्हाच गेले होते. नफला हातातल्या खजुराकडे बघत बसली होती. तिने मान वर केली तेव्हा गल्लीत कोणी नव्हतं.

म्हणजे खरंच कोणी नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता रस्ता, आणि समुद्राच्या बाजूने ऊन आडवं येऊन पार पहिल्या दुकानापर्यंत पोचलेलं. एक मांजर मधोमध बसून अंग चाटत होतं. मग बांग झाली. तरीही कोणी आलं नाही.

नफलाने खजूर तोंडात टाकला आणि तिला एकदम रडू आलं, हसूही आलं. ती याच गल्लीत जन्मली, वाढली, आणि हा रस्ता तिने कधी पाहिलाच नव्हता. कसा पाहणार? दर वर्षी बरोबर या वेळी ती आत बसून तांदळाची पत्तिरी खात होती.

घरी पोचली तोवर उम्माचा पारा चढलेला. “रस्त्यात बसून एका खजुरावर रोजा सोडलास? वरून पाणीसुद्धा नाही? भिकाऱ्याची पोर आहेस का तू?” असं म्हणत तिने जास्तीचा पेला नफलाच्या हातात आदळला. “पुन्हा असं केलंस तर बघ.”

दुसऱ्या दिवशी नफलाने बैठकच गल्लीतल्या त्या पायरीवर भरवली. बांगेच्या थोडं आधी प्रशोभ उठून उभा राहिला, रस्त्याच्या मध्यात गेला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला.

तंगच्चनने डोकं खाजवलं. “सगळं ठीक आहे, मोळे. पण अर्धं युनिट रोज्याचं आहे. तेही तेव्हा घरी जाणार. पुन्हा मोर्चा होईल, फक्त या वेळी जेवणाचा.”

“माहीत आहे,” नफला म्हणाली. “या वेळी आधी माणसं विचारून आले, चेट्टा. रोजेवाले दुपारी सगळी मांडणी करतील आणि बांगेच्या आधी आमच्या घरी पानावर बसतील. शॉटला फक्त रोजा नसलेले, आणि मी. बालगोपालन सर, कॅमेऱ्याला जिजो, प्रशोभ सर. हातगाडी ढकलायला एक दणकट माणूस लागेल.”

“कोण?”

ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

“चर्चमध्ये शपथ घेतलीय मी, कष्टाचं काम करणार नाही म्हणून,” तंगच्चन पुटपुटला.

प्रशोभ परत आला. “एकच संध्याकाळ, एकच शॉट,” तो म्हणाला. “बिघडला तर प्रसंग गेला. विनीतला मी अजून नको म्हटलेलं नाही.”

पुढचे दिवस नफला दारोदार फिरली. गल्लीतल्या प्रत्येक घरी सांगितलं, की अमुक दिवशी बांगेनंतरही मी सांगेपर्यंत दार उघडायचं नाही, खिडकीतून डोकवायचं नाही, मुलांना आवरा. सगळे कबूल झाले. मशिदीत जाणाऱ्यांना मागच्या बोळाने जायची विनंती केली, तेही कबूल झाले. एकही घर तिने सोडलं नाही. एक सोडून.

शूटिंगच्या दिवशी सगळं कागदावरच्यासारखं झालं. रोजेवाली पोरं उम्माच्या माजघरात पानं धरून बसली. बालगोपालन चिकटवलेल्या पांढऱ्या दाढीत असा दिसत होता, की त्याच्या आईनेही त्याला ओळखलं नसतं. हातगाडीवर जिजो कॅमेरा घेऊन बसला, मागे तंगच्चन घाम पुसत वाकला, आणि प्रशोभ मान हलवून “जा” म्हणाला.

म्हातारा चालू लागला. बंद शटरं, बंद दारं, समोर बुडता सूर्य. तो एका दारापाशी थांबला, हात वर केला, खाली घेतला, पुढे निघाला. नफला हातगाडीमागे अनवाणी चालत होती. अर्धी गल्ली संपली. बांग सुरू झाली, अगदी ठरवल्या जागी. सगळं असं जुळून आलेलं बघून तिचे डोळे भरले.

बांग संपली आणि गल्लीच्या टोकाचं एक दार उघडलं.

उम्मा बाहेर आली. डोक्यावरचा पदर सावरत, हातात पेला. पोरीने पुन्हा रस्त्यात रोजा सोडायला नको म्हणून. चष्मा घरात राहिला होता. डोळे बारीक करून ती संधिप्रकाशात बघत होती, आणि तिला पोरगी दिसत नव्हती. दिसत होता एक थकलेला म्हातारा, बांग झाल्यावरही रस्त्यावरच.

नफलाने पाऊल उचललं आणि तसंच मागे घेतलं. ओरडावं तर आवाज रेकॉर्ड होतोय. तंगच्चनने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, त्याच्याही चेहऱ्यावरची थट्टा उतरली होती. प्रशोभने हात वर उचलला. आता तो कट म्हणणार, उरलासुरला उजेड जाणार आणि उद्या तिच्या जागी विनीत बसणार.

उम्मा रस्त्याच्या मधोमध आली आणि तिने पेला म्हाताऱ्यापुढे धरला.

“आधी पाणी घ्या,” ती म्हणाली. “कोणाकडे आलात ते मग सांगा.”

बालगोपालनने सिनेमात उभा जन्म काढला होता, पण हे कुठल्या पटकथेत नव्हतं.  त्याने दोन्ही हातांनी पेला घेतला आणि उभ्याउभ्या, डोळे मिटून, सगळा प्यायला. त्याच्या खांद्यांचं काहीतरी झालं, पाठीमागूनही ते दिसलं.

प्रशोभचा हात वरच राहिला होता. तो कट म्हणाला नाही. पाण्यावरचा शेवटचा तांबडा उजेड विझेपर्यंत म्हणाला नाही, आणि मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला.

 तंगच्चन हातगाडीच्या दांडीवर कपाळ टेकवून उभा होता.

“तुझ्या आराखड्यात होतं हे?” प्रशोभने विचारलं.

“नाही,” नफला म्हणाली. “आमचं घरच राहिलं, सर.”

“असू दे. हाच शेवट.” त्याने डोळे पुसले आणि तंगच्चनकडे वळला. “विनीतला कळवून टाका, येऊ नको म्हणावं.”

तेवढ्यात उम्मा रिकामा पेला घेऊन त्यांच्यापर्यंत पोचली. तिने एवढी सगळी माणसं, हातगाडी, कॅमेरा असं एकेक करून पाहिलं, मग लेकीच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं.

“हा तुझा होता,” ती म्हणाली. “चल, दुसरा भरते.”