गाठीपेक्षा वीतभर उंच

मी शोरूमची डेमो गाडी बोलतेय. जरा थांबा, दार आपटून बघू नका. आवाज भारदस्त येतो, मला माहीत आहे. आजवर जो कुणी माझ्याजवळ आला, त्याने आधी दार आपटलं, मग टायरला लाथ मारली, आणि मग घरातलं कुणीतरी म्हणालं, "डिकी बघू." कुणीही न शिकवता माणसं हे सगळं इतकं सारखं कसं करतात, याचं मला नवल वाटत आलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्याबरोबर तयार झालेल्या बहिणी कुणाकुणाच्या घरी गेल्या. मला मात्र शोरूमनेच ठेवून घेतलं आणि माझ्या दोन्ही अंगांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चालवून पाहा'. मला वाटलं, आता आपण जग बघणार.

जग कसलं! सेल्समनचा रस्ता ठरलेला होता. फाटकातून डावीकडे, पेट्रोल पंपापाशी डावीकडे, बागेवरून पुन्हा डावीकडे, की परत फाटक. त्या वाटेवर खड्डा नाही, चढ नाही, गर्दी नाही. घाण्याच्या बैलाने सुद्धा माझी कीव केली असती. पंपाच्या उजवीकडे माणसांची घरं होती म्हणे. मी ती कधी पाहिली नव्हती.

एवढ्याशा फेरीत माणसं मात्र बघायला मिळाली. पंप येईपर्यंत मी 'ही गाडी' असते. बाग आली की 'आपली गाडी' होते. फाटकात शिरताना पुन्हा 'ही'. सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटायचं. पुढे अंगवळणी पडलं.

एका सकाळी चौघं जण आले. मुलगा, सून, नात आणि मुलाचे वडील. वडील कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. नात त्यांना आजोबा म्हणत होती, म्हणून मीही तेच म्हणते.

"आईसाठी घेतोय," मुलगा सेल्समनला सांगत होता. "खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती घरातच आहे. आमची जुनी गाडी इतकी बसकी, की तिला आतून उठवतच नाही. म्हटलं, घ्यायची तर ऐसपैसच घेऊ."

"अगदी बरोबर, सर. विमानात बसल्यासारखं वाटेल त्यांना."

सगळे बॉनेटपाशी गेले. आजोबा मागे राहिले आणि त्यांनी चष्म्याचं घर खाली पाडलं. पडलं नाही, पाडलं. ते उचलायच्या निमित्ताने वाकले आणि खिशातून एक दोरी काढली. तिचं एक टोक जमिनीला टेकवलं, दुसरं हाताने वर धरून ती माझ्या दाराच्या उंबऱ्याशी ताणली. दोरीला मध्ये एक गाठ होती. गाठ उंबऱ्याच्या वीतभर खाली राहिली.

"तिचा पाय इथवरच उचलतो," आजोबा स्वतःशीच पुटपुटले.

त्यांनी पुन्हा मापलं. मग पलीकडच्या दाराशी जाऊन मापलं, जणू एकीकडून मी उंच आणि दुसरीकडून ठेंगणी असेन. मग दोरीच ओढून पाहिली. "आखडली असेल. नाहीतर मी गाठ चुकीची मारली असेन."

"आजोबा, काय शोधताय?" नात धावत आली.

"चष्मा, बाळा."

"तो तर तुमच्या नाकावर आहे!"

आम्ही निघालो. मुलगा चालवत होता, शेजारी सेल्समन, मागे तिघं. मुलगा खुशीत होता. शिट्टी वाजवावी की नाही अशा बेताने ओठ करून बसला होता.

"बाबा, कशी आहे?"

"उत्तम," आजोबा म्हणाले. मग जरा थांबून, "पण मी काय म्हणतो…"

"बाबा, आता खोट काढू नका हं," सून हसत म्हणाली. "फ्रिज घेतला तेव्हा महिनाभर म्हणत होतात, आवाज करतो, आवाज करतो. शेवटी कळलं, खालच्यांचा पाण्याचा पंप होता!"

सगळे हसले. आजोबाही हसले. हात मात्र खिशातच होता.

"परत गेलो की बुकिंग करून टाकू," मुलगा म्हणाला. "आईला त्या खिडकीपाशी बसवायचं. सगळं दिसेल तिला."

माझ्या आसनांना माणसाची चुळबुळ बरोबर कळते. आजोबांना पेच पडला होता. बोलावं तर मुलाचा हिरमोड, आणि वर आपलंच माप चुकलेलं निघालं तर पुन्हा त्या फ्रिजची गोष्ट. न बोलावं तर गाडी घरी येणार, आणि जिच्यासाठी आणली ती खालून बघत राहणार. पंप जवळ येत होता. मला त्यात पडायचं कारण नव्हतं. मी नेहमीसारखी डावीकडे वळायच्या तयारीत होते.

"उजवीकडे घे," आजोबा एकदम म्हणाले. आवाज त्यांच्याच अपेक्षेपेक्षा मोठा निघाला असावा, कारण लगेच खाली आला. "म्हणजे… घर जवळच आहे. बुकिंगच्या आधी तिला एकदा दाखवू."

"सर, आपला रूट डावीकडचा असतो…" सेल्समन म्हणाला.

"दाखवू की! आई खूश होईल," मुलगा म्हणाला, आणि मी जन्मात पहिल्यांदा पंपाच्या उजवीकडे वळले.

अरुंद रस्ता, वाळत घातलेले कपडे, मधेच उभा टेम्पो, मग एक उखडलेला गतिरोधक. शेवटी एका इमारतीचं फाटक. सून वर गेली आणि आजींना लिफ्टने खाली घेऊन आली. आजी वॉकर टेकत सावकाश आल्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अगं बाई! हत्तीवरून साखर वाटायची आहे का रे?"

"बस तर खरी, आई."

आजींनी वॉकर सुनेकडे दिला, दाराचं हॅंडल धरलं आणि पाय उचलला. तो वर येत गेला, आणि थांबला. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पुन्हा जोर लावला. पाय तेवढाच वर आला. माझ्या उंबऱ्याच्या वीतभर खाली, हवेत. आजोबा तिकडे बघत नव्हते. ते खाली जमिनीकडे बघत होते.

"मी उचलतो तुला," मुलगा पुढे झाला.

"आज उचलशील. आणि तू ऑफिसात असलास म्हणजे? हे उचलणार मला? यांना दळणाचा डबा उचलत नाही."

"स्टूल आणू?" नातीने विचारलं.

"आण हो. आणि स्टूल कलंडलं की दुसरा खुबा." आजी हसल्या. माझ्या दारावर त्यांनी दोनदा थोपटलं. "छान आहे रे गाडी. खरंच. तुम्ही फिरून या, मी गॅलरीतून बघेन."

 

आजोबांनी खिशातली दोरी काढून मुलाच्या हातात दिली. "तिच्या पायाचं माप. गाठीपर्यंत."

मुलाने गाठीकडे पाहिलं, मग माझ्या उंबऱ्याकडे. "तुम्ही शोरूममध्येच मापलंत?"

"हो."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"वाटलं, माझंच चुकलं असेल."

मुलगा चिडला होता. आजोबांवर, दोरीवर की स्वतःवर, ते मला सांगता येणार नाही. त्याने गुडघ्यावर बसून स्वतः मापून पाहिलं आणि दोरी परत केली.

परतीच्या वाटेवर कुणी मला 'आपली गाडी' म्हणालं नाही. सेल्समन मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. आजोबांची पुन्हा चुळबुळ सुरू झाली. "आपण नको म्हणायची घाई तर नाही ना केली? व्यायाम चालू आहेत तिचे. महिन्याभरात पाय वर यायचा सुद्धा. तुला एवढी आवडली होती…" बोलता बोलता त्यांची बोटं दोरीवर फिरत होती. गाठ सैल होत चालली होती.

मुलाने ते आरशात पाहिलं.

"बाबा, गाठ सोडू नका," तो म्हणाला. "दुसऱ्या शोरूममध्ये लागेल."

आजोबांनी गाठ पुन्हा घट्ट आवळली.

पुढे त्यांनी कोणती गाडी घेतली, मला माहीत नाही. माझी डेमोची मुदत आता संपली आहे. मी शोरूमच्या मागे, गाड्या धुतात तिथे उभी आहे. अंगावरची अक्षरं खरवडून काढली आहेत. पाणी मारलं की अजून पुसट दिसतात. एक दिवस कुणीतरी मला घरी नेईल.

तुम्ही मला बघायला येणार असाल, तर 'आईसाठी', 'बाबांसाठी' असं म्हणण्याआधी त्यांना बरोबर आणा. त्यांनी मला नको म्हटलं, तरी माझी काही तक्रार असणार नाही.

आणि चालवाल तेव्हा एक लक्षात येईल. माझं स्टिअरिंग किंचित उजवीकडे ओढतं. मेकॅनिक म्हणतो, अलाइनमेंट करावी लागेल. जमलं तर तेवढं राहू द्या.