तिरका शेंडा

ते हॉटेल पूर्वी पोहण्याचा तलाव होतं. छताखालचा, निळ्या फरशांचा. तलाव बंद पडला, पाणी काढून टाकलं, पण पाण्याचं हलणं तेवढं मागे राहून गेलं. म्हणजे तळाशी टेबलं मांडली, दिवे लावले, तरी छतावर उजेडाच्या लाटा आपल्या हलतच होत्या. कुणी म्हणे ही दिव्यांची करामत आहे. ज्यांना असं वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. तिथे जेवलेल्या माणसाचे केस दुसऱ्या दिवसापर्यंत ओले राहायचे, याला दिवे काय करणार?

मालकीणबाई इंडोनेशियाच्या. त्यांचा नवरा इथलाच, याच तलावावर बुडणाऱ्यांना काढायच्या कामाला होता. तलाव गेल्यावर तो स्वयंपाकघरात शिरला, पण सवय कुठली जातेय? पदार्थ तयार झाला की आतून शिट्टी वाजवायचा. नवीन गिऱ्हाईक दचकून कडेला जायचं.

त्या संध्याकाळी चार मित्रमंडळी शिडीवरून खाली उतरली आणि खोल बाजूच्या टेबलाशी बसली.

सगळ्यात पुढे दंतोपंत. हे दातांचे डॉक्टर, चौघांत वडील, आणि ते कुणी विसरू नये याची काळजी स्वतःच घेणारे. त्यांच्या मागे वरखाली. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणून हे नाव. त्याचं बोलणंही तसंच, मध्येच वर जायचं, मध्येच अडकायचं. मग चष्मेबाई, हातात जड पिशवी. आणि शेवटी सारखेराव.

सारखेरावांचं केस कापायचं दुकान होतं. बायका-पुरुष दोघांचंही. कात्री थांबली की मान तिरकी करून बघायचे आणि म्हणायचे, "जरा सारखं करतो." डावीकडचं उजवीकडच्याइतकं करायचं, मग उजवीकडचं डावीकडच्याइतकं. खांद्यापर्यंत केस ठेवायला आलेली मुलगी कानापर्यंत ठेवून जायची. एक गृहस्थ नुसत्या मिशा कोरायला बसले होते, ते उठले तेव्हा बायकोने त्यांना घरात घेतलं नाही. हात मात्र असा हलका की माणसं चिडायची आणि पुन्हा यायची. लग्नाचंही त्यांचं तसंच झालं. बोलावं की न बोलावं, दोन्ही पारडी सारखी करता करता डोक्याचे केस पांढरे झाले.

त्यांच्या दुकानाच्या भिंतीला लागून चष्मेबाईंचं दुकान. भिंत पातळ. पलीकडे बाई गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायच्या, "पहिलं बरं दिसतं, की दुसरं?" आणि अलीकडे सारखेराव, कात्री हवेत धरून, मनातल्या मनात म्हणायचे, "दुसरं." उगाचच. पलीकडच्या माणसाचं उत्तर काहीही असो, यांचं ठरलेलं. कितीतरी वर्षं त्यांचा दिवस या एका प्रश्नावर सुरू व्हायचा आणि याच प्रश्नावर मावळायचा. बाईंचे यजमान फार पूर्वी गेले, घरी कुणी नाही. हे सारखेरावांना माहीत होतं. सारखेरावांच्या मनात काय आहे, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. फक्त ते तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

आणि आता वेळ संपत आली होती. बाईंची भाची दुसऱ्या गावी राहायची. 'मावशी, एकटी काय राहतेस, दुकान आवर आणि ये,' असा तिने धोशा लावला होता.

"मग? काय ठरलं?" दंतोपंतांनी बसल्या बसल्या विचारलं.

"उद्या सकाळी फोन करून हो म्हणणार आहे," बाई म्हणाल्या. "थोडी बांधाबांधही सुरू केली. काचांची पेटी तर आज बरोबरच घेऊन आले. नाजूक सामान, दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं."

सारखेराव पाण्याचा ग्लास बशीच्या मधोमध ठेवत होते. ते ठेवतच राहिले.

वरखालीने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "टेबल तुझ्या नावाने सांगितलंय. यजमान तू. आज जर बोलला नाहीस ना, तर उद्यापासून त्या भिंतीशी बोलत बस."

"अरे, पण कसं बोलायचं?"

"तोंडाने. नाहीतर हाताने. तजवीज करून ठेवलीये मी."

एवढ्यात शेंगदाण्याच्या दाट सॉसमध्ये बुडवलेले भाजके बटाटे आले. मागून नारळाच्या दुधात मुरवलेलं, काळपट होईपर्यंत आटवलेलं मटण आलं, तेही पावाच्या आत लपवलेलं.

"हे नक्की कुठलं म्हणायचं?" दंतोपंतांनी पाव उघडून आत टॉर्च मारल्यासारखं पाहिलं. कुठल्याही उघड्या गोष्टीत ते असंच बघायचे.

"फ्यूजन," वरखाली म्हणाला. "म्हणजे दोन घरचं एका ताटात."

"आणि नांदतं का ते?"

"चावून बघा. तुमच्या हातात आहे."

बाई हसल्या. छतावरच्या लाटा जरा जोरात हलल्या, निदान सारखेरावांना तरी तसं दिसलं.

मग लांब शिट्टी वाजली. शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून उभे राहिले. मालकीणबाई दोन्ही हातांत मोठं ताट धरून आल्या, आणि त्या ताटात पिवळ्या भाताचा डोंगर. खाली रुंद, वर निमुळता, शेंडा सुईसारखा. पायथ्याशी केळीचं पान, त्यावर तळलेले मासे, लाल चटणी, काकडीच्या चकत्या. हळदीचा आणि नारळाचा वास असा पसरला की खोल बाजूचा निळा रंग थोडा हिरवा झाला.

"हा आमच्याकडे आनंदाच्या दिवशी करतात," मालकीणबाई म्हणाल्या आणि सुरी सारखेरावांच्या हातात दिली. "यजमानाने शेंडा कापायचा, आणि टेबलावर ज्याचा मान सगळ्यात मोठा, त्याच्या ताटात ठेवायचा. बहुतेक वडीलधाऱ्यांना देतात."

दंतोपंतांनी नॅपकिन गळ्याशी खोचला आणि ताट पुढे सरकवलं.

"पण इथे आमचं सगळं मिसळून असतं, काका," मालकीणबाई सारखेरावांना म्हणाल्या. "तुमच्या मनात जो असेल, त्याला द्या. आणि जपून. डोंगराच्या पोटात माझ्या नवऱ्याने वितळलेलं चीज भरलंय. ज्वालामुखी करायची त्याची हौस."

सारखेराव उठले. आपल्याला काय करायचंय हे त्यांना स्वच्छ समजलं होतं. बोलायला नको, काही नको. शेंडा कापायचा आणि चष्मेबाईंच्या ताटात ठेवायचा. टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हात न्यायचा. लहान मूलही करील.

त्यांनी सुरी धरली. भातातून वाफ येत होती, आणि त्या वाफेत, आता हे ज्याला पटेल त्याने घ्यावं, डोंगर वाढायला लागला. तळाची टेबलं खाली राहिली, माणसांची बोलणी बुडबुड्यांसारखी हळूहळू वर यायला लागली. उतारावर एक पिवळी पायवाट होती आणि तिच्यावर सारखेराव स्वतःच चढत होते, खिशात कंगवा, हातात कात्री. वाटेत दोन छोटी दुकानं लागली, मध्ये एकच भिंत, तीही भाताची. भिंतीपलीकडून कुणी विचारत होतं, पहिलं बरं, की दुसरं? वर शेंड्यावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. मानेवरच्या केसांची कड त्यांना ओळखीची वाटली. ती त्यांच्याच हातची होती.

त्यांनी शेंडा कापला. अलगद उतरला. नेऊन द्यायचा तेवढा बाकी होता.

सारखेरावांनी मान तिरकी केली. उरलेला डोंगर डावीकडे झुकल्यासारखा दिसत होता.

"जरा सारखं करतो," ते म्हणाले.

वरखालीने कपाळाला हात लावला.

कापलेला शेंडा त्यांनी पानाच्या कडेला ठेवला आणि डावी बाजू तासली. मग उजवी उंच वाटली. उजवी तासली. प्रत्येक वेळी वर नवा शेंडा तयार व्हायचा, तो तिरका वाटायचा, मग तोही उतरवून पानावर. वाफेतल्या डोंगरावरची पायवाट आखूड होत चालली. वरचं माणूस खाली खाली येत होतं, पण जवळ काही येत नव्हतं.

"अहो, जेवायचं आहे आज," दंतोपंत म्हणाले. त्यांचं ताट अजून पुढेच होतं.

"झालंच. एवढी एक बाजू."

वरखाली तरी किती वेळ नुसता बसणार? भूक लागलेली. पानाच्या कडेला ठेवलेला एक शेंडा त्याने चटणीत बुडवून तोंडात टाकला. मग दुसरा. मानाचे शेंडे एकामागून एक त्याच्या पोटात चालले होते आणि सारखेरावांचं लक्षच नव्हतं. डोंगराची टेकडी झाली, टेकडीचं उंचवट्यात रूपांतर झालं, आणि सुरीचं टोक कुठेतरी आत गेलं.

चीज सुटलं. आधी एक थेंब, मग जाड पिवळी धार. माशांना वळसा घालून, काकडीच्या चकत्या तरंगवत ती संथपणे निघाली आणि थेट दंतोपंतांच्या ताटात जाऊन साचली. ताट भरलं, तरी धार येतच होती. आतून शिट्ट्यांवर शिट्ट्या वाजल्या. शेजारचे दोघे तर शिडी चढून वर जाऊन बसले, आणि चीज ओसरेपर्यंत खाली आलेच नाहीत.

"मान मिळाला बुवा," दंतोपंत ताटाकडे बघत म्हणाले. "दातांना मात्र चांगलं नाही हे."

सारखेराव सुरी धरून उभे होते. समोर सपाट भात. टोक नाही, उतार नाही, द्यायला काही नाही. इतकी वर्षं त्यांनी हेच केलं होतं, हे त्यांना त्या सपाट भातात आरशासारखं दिसलं. ते मटकन खाली बसले.

"बाई," ते म्हणाले, आणि तिथेच थांबले.

चष्मेबाईंनी पिशवी उघडली. पेटी काढली, पेटीतून डोळे तपासायची ती जड, गोल चौकट काढली, आणि खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर आल्या.

"नाक पुढे करा."

"आत्ता? इथे?"

"किती वर्षं म्हणतेय, डोळे तपासून घ्या. अख्ख्या गल्लीचे तपासले मी. तुम्ही तेवढे राहिलात."

ते खरं होतं. सारखेराव कधी त्या खुर्चीत बसलेच नव्हते. कारण तिथे बाई अगदी एवढ्यावर येऊन बसतात, श्वास लागेल इतक्या जवळ, आणि अंधार असतो. ते आपल्याला झेपणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

बाईंनी चौकट त्यांच्या नाकावर बसवली. डावीकडे एक काच सरकवली, काढली, दुसरी सरकवली, बोटाने किंचित फिरवली. आणि जग, जे सारखेरावांना आजवर जरा डावीकडे कललेलं दिसत आलं होतं, ते सावकाश उठून सरळ बसलं. फरशांच्या रेघा सरळ झाल्या. छतावरच्या लाटा एका ओळीत आल्या.

"डोंगर तिरका नव्हता," बाई म्हणाल्या. "तुमचा डावा डोळा तिरका बघतो."

सारखेराव बघत होते. डोंगराकडे नव्हे. ते हळूच म्हणाले, "बाई, तुमचे केस तिरके कापलेत."

"माहीत आहे मला. मी चष्मेवाली आहे."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही सांभाळून कापले असते. तिरके राहिले की पंधरवड्याने 'जरा सारखे करा' म्हणून यायला बरं पडतं."

वरखालीचा हात पानाच्या कडेवर थांबला. तिथे एकच शेंडा उरला होता, सगळ्यात पहिला. दंतोपंतांनी टेबलाखालून त्याला लाथ मारली.

बाईंनी पेटीतून दोन काचा घेतल्या. आवाज रोजचाच, भिंतीपलीकडचा. एक काच त्यांनी सारखेरावांच्या डोळ्यांपुढे धरली. "मी भाचीकडे गेले, तर असं." ती काढली आणि दुसरी धरली. "राहिले, तर असं. सावकाश सांगा. पहिलं बरं दिसतं, की दुसरं?"

"दुसरं," सारखेराव म्हणाले. या वेळी ते तोंडातून बाहेर आलं, आणि रिकाम्या तलावात घुमून चारही भिंतींवरून परत आलं.

"नक्की? लोक घाईत सांगतात आणि मग काचा बदलायला येतात."

"मी घाईत नाही सांगत. भिंतीआडून रोज हेच सांगत होतो."

बाईंनी काच पुसून पेटीत ठेवली. पेटीचं झाकण लावायला त्यांना बराच वेळ लागला. "भाचीला काय सांगू मग?"

"सांगा, की चष्म्याचं एक गिऱ्हाईक आहे," वरखाली मध्येच म्हणाला, "त्याला रोज तपासावं लागणार."

"तू गप्प बस आणि तो शेंडा ठेव खाली," दंतोपंत म्हणाले.

सारखेरावांनी पानावरचा तो पहिला शेंडा दोन बोटांनी उचलला. मघाशी कापताना त्यांना तो सरळ दिसला होता. आता काचेतून पाहिलं तर वरून थोडा कललेला, एका बाजूने वरखालीच्या बोटाने चेपलेला. त्यांचा दुसरा हात सुरीकडे गेला. तिघेही बघत राहिले. छतावरच्या लाटासुद्धा जागच्या जागी थांबल्या.

सुरी त्यांनी उचलून दंतोपंतांच्या ताटातल्या चिजात बुडवून ठेवली, आणि शेंडा, होता तसा, बाईंच्या ताटात ठेवला.