अवसेचा चहा

आमच्या तेरमध्ये चहाला अक्कल लागत नसे, दूध लागे. आणि अवसेला दूध मिळत नसे. सिताबाई धनगरीण रोज सकाळी दारात लोटीभर दूध घालायची, पण अवसेला तिच्या घरचं दूध उंबऱ्याबाहेर पडत नसे. विकायचं तर नाहीच, फुकटही द्यायचं नाही. दिलं तर म्हशीच्या कासेला दृष्ट लागते, असं ती म्हणायची. ज्यांच्या गोठ्यात जनावर होतं त्या सगळ्यांचंच हे. त्या दिवशी माझे सासरे लिंबाजी सकाळपासून डोकं धरून बसायचे आणि आमचं डोकं खायचे. कोरा चहा त्यांना चालत नसे. "ते सुतकातलं पाणी हाय," म्हणायचे.

निजाम जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. आमचे हे, म्हणजे अंबादास, शाळेत मास्तर होते. तेव्हा नाव घेतलं असतं तर सासूनं जीभ हासडली असती, आता घेते. शाळेतल्या पोरांसाठी परदेशातून दुधाची पावडर आली होती. पिंपाच्या तळाशी उरलेली पावडर ओल लागून वाया जाईल, म्हणून मास्तरांनी वाटून घेतली आणि हे एक पुडी घरी घेऊन आले.

"चुलीपासल्या कोनाड्यात ठिवतो. अवसंला च्या कर," म्हणाले. पावडरीचं दूध आमच्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. ते कसं दिसतं, कसं वास मारतं, मला काय कप्पाळ माहीत!

धाकटा दीर बलभीम हिवतापाच्या फवारणीवर होता. पंप घेऊन गावोगाव भिंतींवर डीडीटी मारत हिंडायचा. आमच्या आळीत फवारणी झाली आणि मागोमाग मांजरं मरायला लागली. एक तर आमच्या न्हाणीपाशीच गेलं. आधी थरथरत होतं, मग पाय ताठ करून झटके द्यायला लागलं. मी हातात तांब्या धरून बघत राहिले होते.

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. सासूबाई, धुरपताबाई, हल्ली परंड्याच्या एका पोरीचं नाव घ्यायच्या. कायदा आला होता दोन बायका करायच्या नाहीत म्हणून, पण कायदा धाराशिवला राहायचा आणि मी सासूबाईंच्या घरात. म्हणून मी खालमानेनं वागायची. बोलले कमी, राबले जास्त.

त्या अवसेला दुपारी मी चहा टाकला. पत्ती, गूळ, आल्याचा तुकडा, आणि वर पुडीतली मूठभर पावडर. झाल्या गुठळ्या. ढवळून हात भरून आला तरी पांढरे कण वर तरंगतच राहिले. चव घेऊन बघावी, तर ती सोय नव्हती. सून चूल फुंकते, पण वडीलधाऱ्यांच्या आधी घोट घेत नाही, उष्टं होतं. पुरुषांचं झालं, सासूचं झालं की पातेल्यात राहील ते सुनेचं. कधी कपभर राहायचं, कधी नुसता गाळ.

"कसला वास येतुय गं ह्याला?" सासऱ्यांनी बशी नाकाशी नेली.

"परदेशी म्हशीचा, तात्या," हे म्हणाले आणि हसले.

तिघांनी फुर्रर करून चहा संपवला. सासूबाईंनी तर बशी चाटल्यासारखी केली. मी माझा कप भरून चुलीच्या ओट्यावर निवत ठेवला आणि भांडी गोळा करायला लागले.

"ती खाट बाहीर काढ गं उन्हात," सासूबाई म्हणाल्या. "ढेकणं लई झाली. बलभीमनं त्याची डीडीटी आणलीय खाटंला लावाया. म्या परवा चुलीपासल्या कोनाड्यात ठिवलीय बघ पुडी."

मी कोनाड्याकडे पाहिलं. कोनाड्यात एकच पुडी होती. अर्धी रिकामी, मघाशी मीच सोडलेली.

दुसरी पुडी खाली पडली असेल म्हणून मी लाकडं उपसली, उतरंडीमागं हात घातला, राखेतसुद्धा चाचपलं. काही नाही. पुडीचा वास घेतला. नाकात आल्याचा आणि धुराचा वास भरलेला, त्यात काय कळणार? डोळ्यांसमोर ते मांजर यायला लागलं. बाहेर सासरे खाकरले की मी दारातून डोकावून बघे.

सांगावं तर ह्या घरात माझं काय होईल हे मला कळत होतं. न सांगावं तर तिघं माझ्यासमोर पाय ताठ करतील. मी ओसरीवर आले आणि बोलून टाकलं.

"आत्याबाई, कोनाड्यात एकच पुडी हाय. म्या त्याच पुडीचा च्या केलाय."

सासूबाईंनी घशात बोटं घातली आणि अंगणात उलटी काढायला धावल्या. सासऱ्यांच्या हाताला कापरं भरलं. "जीभ बधिर झालीय माझी," ते म्हणाले, "बघ अंबादास, माझी जीभ बघ." ह्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. मी मिठाचं पाणी कालवून आणलं. तिघं तांब्यावर तांबे पीत होती आणि ओकत होती, आणि मी मागं उभी राहून ह्याचे पाय बघ, त्याचे हात बघ, असं करत होते. सासऱ्यांचा कापणारा हात भीतीनं कापतोय की विषानं, हे कुणाला सांगता येणार?

"गाडी?" मी ह्यांना विचारलं. "धाराशिवच्या दवाखान्यात..."

"आता सांजचीच हाय गाडी."

तोंड पुसत सासूबाई वळल्या. त्यांची नजर आत ओट्यावर गेली. माझा कप तसाच भरलेला होता.

"आन् तू का न्हाय प्यालीस?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. तीन वर्षांत मी ह्या घरात कुणाच्या आधी पाणीसुद्धा प्याले नव्हते. त्यांनीच शिकवलं होतं.

"म्या तुमच्या मागनंच पीते की, आत्याबाई."

"आज बरी मागं ऱ्हायलीस! परंड्याचं कानावर आलं म्हणून घातलंस व्हय गं आमच्या पोटात?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. एकदा म्हणा, मनात म्हटलं, एकदाच म्हणा की आई, काय बोलतीयास. हे त्या कपाकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं आणि हळू विचारलं, "खरंच, का न्हाय प्यालीस?"

मला भीती वाटत होती. मरायची फार वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण तो प्रश्न ऐकल्यावर रागही इतका आला की पाय आपोआप चुलीकडे गेले. कप उचलून मी ओसरीवर आणला, तिघांच्या मधोमध उभी राहिले. चहावर साय धरली होती, त्यात ते पांढरे कण अडकलेले. थोडा चहा मनगटावर सांडला. मी कप ओठाला लावला आणि थांबले. मुद्दाम थांबले. मग डोळे मिटून सगळा घशाखाली घातला.

मग आम्ही चौघं एकमेकांचे हातपाय बघत बसून राहिलो. माझ्या बोटांना मुंग्या येत होत्या. मी गुडघे आवळून धरले होते, झटका आला तर निदान पडायचं नाही म्हणून. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तरी कुणाला काही होईना.

उन्हं कलल्यावर बलभीम सायकल रेटत आला. अंगणातला ओकारीचा चिखल बघून दारातच थबकला.

"अगं आई, झालं काय? ढेकणाची पुडी म्या सकाळीच नेली कोनाड्यातनं, शेजारच्या सर्जेरावाच्या खाटंला. हे घे, उरलीय."

सासरे आधी हसले. मग हे हसले, पोट धरून. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्याही हसल्या. "दुधानंच मारलं की गं आपल्याला," म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवर थापही मारली. पुढं ही गोष्ट आमच्या घरात पाहुण्यारावळ्यांना कितीदा सांगितली गेली, आणि दर वेळी सगळे हसले.

मी कप ओठाला लावून थांबले होते, तेव्हा तिघंही हाताच्या अंतरावर उभी होती. कुणीही माझा हात धरला नाही.