एक झाकण जास्त

मंडळी, फवारणीच्या पंपात सांगितल्यापेक्षा एक झाकण जास्त औषध ओतायची सवय आपल्याकडे कुणाला नाही? धामणगाव रेल्वेजवळच्या एका गावातल्या पंजाबरावांनाही ती होती. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, ते म्हणायचे, "लिवणारे बसले शहरात. आपल्या अळीले ते काय ओळखते?" आणि एक झाकण जास्त पडायचं. त्यांचा मुलगा अंकुर बापाच्या मागे पाठीवर पंप घेऊन फिरत मोठा झाला. ही सवयही त्याच्या अंगात मुरली.

अंकुर एकोणतीस वर्षांचा. कामाला वाघ, बोलायला लाजाळू. रंग बापाचा, पावसाने भिजलेल्या रानासारखा काळा. शेती करणाऱ्या मुलाला आज स्थळ मिळणं किती अवघड झालंय, ते तुम्हाला मी काय सांगू? चार वर्षं शोधल्यावर एक स्थळ आलं. नांदगाव खंडेश्वरची दामिनी. मध्यस्थ महादेवरावांनी रविवारी मुलगी पाहायला जायचं ठरवलं. अंकुरची आई कौशल्याबाई त्यांना फोनवर दोनदा बजावून बोलल्या, "देणंघेणं काहीच नको भाऊ. फक्त पोरगी गोरी पाहिजे." ओसरीच्या पायरीवर चपलेची माती खरवडत अंकुर ते ऐकत होता.

त्याची धाकटी बहीण प्रणाली अकोल्याच्या एमआयडीसीत, चेहऱ्याला लावायची क्रीम बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. भावासाठी रजा काढून ती गुरुवारी घरी आली. तिच्या बॅगेत नमुन्याची एक लहानशी बाटली होती. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी, पण बोटाला तेलकट लागणारं.

"हे काय हाये वं?" अंकुरने विचारलं.

"तेलात विरघळणारं व्हिटॅमिन सी, दादा. साधं पाण्यात विरघळते, पण हवा-उजेड लागला का पिवळं पडते अन् त्याचा जोर जाते. हे तेलात मिसळते, म्हणून क्रीममध्ये जास्त दिवस टिकते. कातडीले झोंबतही नाही तेवढं. शंभर ग्रॅम क्रीममध्ये दोन-तीन ग्रॅम बस झालं."

"अन् त्यानं होते काय?"

"थकलेला चेहरा जरा टवटवीत दिसते."

अंकुरने मान डोलावली. पण त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. दोन ग्रॅमने टवटवीत, तर अख्ख्या बाटलीने काय होईल! आणि व्हिटॅमिन सी तर लिंबातही असतं, हे तो शाळेत शिकला होता. शुक्रवारी सकाळी त्याने न्हाणीत दार लावून तोंडाला लिंबू चोळलं. वरून ती बाटली रिकामी केली. मग नेहमीसारखा कपाशीत गेला. दसऱ्यानंतरचं ऊन कसं असतं ते तुम्ही जाणता. दिवसभर ते त्याच्या तोंडावर होतं.

शनिवारी सकाळी कौशल्याबाई चहा घेऊन आल्या आणि कप खाली ठेवायचंच विसरल्या. "बापा रे! हे काय झालं रे तोंडाले?"

गाल लाल भडक झाले होते. कपाळावर फोड आले होते आणि नाकाच्या बाजूंना काळे डाग उठले होते. प्रणालीने रिकामी बाटली पाहिली, कोपऱ्यातली लिंबाची सालं पाहिली, आणि तिला सगळं कळलं.

"दादा, लिंबू लावून उन्हात गेला? लिंबाच्या रसावर ऊन पडलं का कातडी भाजते. अन् अख्खी बाटली! ते काय अळीचं औषध हाये?"

पंजाबरावांनी मान खाली घातली. "त्याले काऊन बोलतं, पोरी? हा धडा माह्याच हातचा हाये."

प्रणाली त्याला धामणगावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मलम मिळालं. उन्हापासून तोंड सांभाळा, डाग हळूहळू जातील, असं डॉक्टर म्हणाले. पण उद्याचा रविवार कसा सांभाळायचा? दामिनीला मंगळवारी दुसरं स्थळ पाहायला येणार होतं. आज नाही म्हटलं तर हे स्थळ गेलंच.

घरी आल्यावर कौशल्याबाई रडायलाच लागल्या. "कोणं सांगितलं होतं तुले गोरं व्हाले? मी तुह्या रंगाले कधी नाव ठेवलं काय रे?"

"तू गोरी पोरगी मागतली ना, आई," अंकुर जमिनीकडे पाहत म्हणाला. "तशी पोरगी मले काऊन पसंत करन, सांग बरं?"

कौशल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मग प्रणाली आईजवळ बसली. "आई, मी त्या कारखान्यात काम करते म्हणून सांगते. आमच्या क्रीममध्ये जेवढा गुण हाये तेवढा हाये. जन्माचा रंग बदलवणारं औषध आमच्या कपाटात नाही. अन् काऊन असावं? रंग काय रोग हाये? दोन वर्षांखाली मले पाहून गेलेल्या लोकाईनं असाच फोन केला होता. पोरगी चांगली हाये, पण रंगानं... तू दोन दिवस जेवली नव्हती."

कौशल्याबाईंचा हात पदराशीच थांबला. अरेरे! ज्या बोलाने आपल्या लेकीचं काळीज कापलं, तोच बोल आपण दुसऱ्याच्या लेकीवर टाकला! आणि तो फिरून आपल्याच पोराच्या तोंडावर फोड होऊन उठला!

त्यांनी डोळे पुसले आणि फोन उचलला. "महादेवराव, मी रंगाचं बोलली ते चुकली. ते अट काढून टाका. अन् पोरगं जसं हाये तसं घेऊन येतो."

रविवारी दामिनीने पाण्याचे पेले ठेवले आणि अंकुरकडे पाहून सरळ विचारलं, "तोंडाले काय झालं?"

"ऊन लागलं, ऊन!" महादेवराव घाईने म्हणाले.

"नाही," अंकुर म्हणाला. "गोरं व्हाले लिंबू लावलं, अन् बहिणीच्या औषधाची बाटली ओतली."

"मंग झाले काय गोरे?"

"दिसून तर राहिलं."

दामिनीला हसू आवरेना. पंजाबरावही हसले. हसता हसता ती थांबली आणि म्हणाली, "खरं सांगितलं, हे बरं केलं. काका तर ऊन म्हणत होते. आता पुढं काही लावाचं असन तर डब्यावरचं वाचून लावजा."

लग्न माघात झालं. दामिनी गोरी आहे की सावळी, असं तुम्ही विचाराल. कौशल्याबाईंना हा प्रश्न कुणी केला की त्या म्हणतात, "सून हाये माही. बसा, तिच्या हातचा चहा घ्या." मीही तेवढंच सांगतो.

आणि पंजाबराव आता फवारणीआधी सुनेकडून डबा वाचून घेतात. झाकण काठोकाठ भरतात, पण एकच.

मंडळी, चेहऱ्याला क्रीम लावण्यात वाईट काही नाही. जेवढं सांगितलं तेवढं लावा, कातडी सांभाळा. पण कातडीचा रंग हा कुणाचा दोष नाही, हे घराघरात आधी मोठ्यांनी शिकायला हवं. आपण फोनवर सहज घातलेली अट कुणाचं तरी लेकरू ओसरीवर बसून ऐकत असतं.