तेल पाजलेला ड्रायर

मी ड्रायर बोलतोय. केस वाळवणारा नव्हे; तो आमच्या कुळातला धाकटा, उगाच लोकांच्या डोक्यावर फुंकर मारत फिरतो. मी कपडे वाळवणारा. कमरेइतका उंच, चौकोनी आणि थोडासा मानी.

कारखान्यात मला जोडलं, तीन मिनिटं रिकामाच फिरवलं आणि पाठीवर 'तपासले' अशी चिठ्ठी डकवली. तीन मिनिटांत कोणाची काय परीक्षा होते, देव जाणे! माझी खरी परीक्षा या घरात झाली.

मला इथं आणलं या घरच्या आईंनी. त्या निवृत्त नर्स. चादर माझ्या पोटातून निघाली की गरम असतानाच तिची घडी घालायच्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून. चौदा वर्षं मी तक्रारीला जागा ठेवली नाही.

मग आई पडल्या. कमरेचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. चादरी दिवसातून तीन-तीनदा बदलाव्या लागायच्या. सगळा भार माझ्यावर आला, आणि नेमका तेव्हाच मी कुरकुरायला लागलो.

त्यांचा मुलगा भला माणूस आहे. पण आवाज आला की तेल, एवढंच यंत्रशास्त्र त्याला ठाऊक. बायकोच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी आणायची, तिचं लांब नाक माझ्या ड्रममागच्या फटीत खुपसायचं आणि दर रविवारी मला तेल पाजायचं. "आता बघ, लोण्यासारखा चालेल," असं मलाच सांगायचा. झालं उलटंच. कुरकुरीची धडधड झाली.

आईंची खोली माझ्या भिंतीपलीकडे. मी सुरू झालो की त्यांची झोप मोडायची. म्हणून घरातले मला बंदच ठेवायला लागले आणि ओल्या चादरी साचत गेल्या. एकदा घाईत दोरीवरची अर्धवट ओली चादर अंथरली गेली. दुसऱ्या दिवशी आईंच्या पाठीवर लाल चट्टा दिसला.

"यालाच जपायचं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "कातडी एकदा फुटली ना, की जखम भरता भरत नाही."

जन्मभर दुसऱ्यांच्या पाठी जपलेली बाई ती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुरुस्तीवाला आला. त्यानं मला उघडूनसुद्धा पाहिलं नाही. "वय झालंय याचं. नवीन मागवा, तीन आठवड्यांत येईल."

मुलगा मान डोलावत होता. तेवढ्यात सूनबाई पुढे झाल्या. "तीन आठवडे आईंची पाठ थांबेल का? आधी मी उघडून बघते."

"तुला जमेल?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही जमलं तर बंदच आहे की तो. आणखी काय बंद पडणार?"

सूनबाई घरी कपडे शिवतात. त्यांनी माझी वायर काढली, मला भिंतीपासून ओढलं आणि पुढचा पत्रा सोडवला. निघालेला प्रत्येक स्क्रू टाचण्यांच्या उशीत ओळीनं खोचला. ड्रम फिरवणारा पट्टा कसा गुंडाळलाय त्याचे बाण शिवणाच्या खडूनं माझ्या अंगावर काढले. मग डोळे मिटून ड्रम हातानं हळूहळू फिरवला. एका जागी हात अडखळला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथंच. चौदा वर्षांत माझं म्हणणं इतकं मन लावून कोणी ऐकलं नव्हतं.

ड्रम दोन रबरी चाकांवर फिरतो. ती चाकं तेलानं फुगली होती आणि त्यांवर कपड्यांचा भुगा चिकटून आवाळवं आली होती.

"अहो," त्यांनी एक चाक नवऱ्यापुढे धरलं, "माझ्या कुपीतलं तेल इतकं लवकर का संपतं ते आज कळलं. रबराला तेल चालत नाही हो."

"मला वाटलं, सगळ्यालाच चालतं," तो पुटपुटला. मला त्याची दया आली. बिचारा प्रेमानंच पाजत होता. मग तो मुकाट्यानं फडकं घेऊन माझ्या पोटातलं तेल पुसत बसला.

नवी चाकं आणायला सूनबाई स्वतः गेल्या. दुकानदार म्हणे, "मिस्त्रीला पाठवा." त्या म्हणाल्या, "मिस्त्रीच आलीये." परत येऊन मला जोडायला बसल्या. पट्टा दोनदा निसटला, बोट चेंगरलं, पण हूं की चूं केलं नाही. खडूचे बाण बघून तिसऱ्यांदा बसवलाच. कारखान्यात मला कितीतरी हात लागले होते. या हातांची सर त्यांना नाही.

चादर आत घातली, बटण दाबलं आणि नवराबायको आईंच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"लाव गं आता," आतून आई म्हणाल्या. "मी जागीच आहे. होऊ दे काय धडधड व्हायची ती."

"आई, दहा मिनिटं झाली लावून."

आईंनी सूनबाईंचा हात नुसता हातात घेतला, आणि तो तसाच धरून त्यांना झोप लागली.

काम संपलं की मी कर्कश भोंगा वाजवतो. तेवढाच माझा रुबाब. पण भोंग्याला मिनिटभर उरलं असताना सूनबाई आल्या आणि त्यांनी मला बंद केलं. एरवी असा अपमान मी सहन केला नसता.

तर मंडळी, तुमच्या घरात कोणी कुरकुरायला लागलं, तर लगेच त्याचं वय काढू नका आणि तेलही पाजू नका. आधी हात लावून बघा. सांगण्यासारखं अजून पुष्कळ आहे, पण आता गप्प बसतो. भिंतीपलीकडे आई कोरड्या चादरीवर झोपल्या आहेत.